धानाचा पर्णकोष करपा : औषध बुडाशी गेलं तरच उपयोग

बियाणं मिठाच्या पाण्यात (१० लिटरला ३०० ग्रॅम) टाकून पोचट काढा, दोनदा धुऊन सावलीत सुकवा, पऱ्हे (रोपवाटिका) टाका. यात सांगण्यासारखं काही नाही.

पर्णकोष म्हणजे खोडाला लपेटलेला पानाचा खालचा भाग; त्यावर करपा आणणाऱ्या बुरशीच्या मोहरीएवढ्या तपकिरी गाठी मागच्या हंगामातल्या धसकटात, मातीत दबा धरून असतात. चिखलणी केली की त्या पाण्यावर येतात आणि वाऱ्याने फेस-कचऱ्यासोबत बांधीच्या (धानाच्या वाफ्याच्या) एका कोपऱ्यात जमतात. तो कचरा टोपलीने काढून शेताबाहेर पुरा. फुकटचं काम आहे, म्हणूनच कोणी करत नाही.

ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्र बुरशी) एकरी १ किलो, १०० किलो कुजलेल्या ओलसर शेणखतात मिसळून आठवडाभर झाडाखाली पोत्यांनी झाकून ठेवा आणि चिखलणीआधी पसरवा. त्या ढिगात युरिया किंवा बुरशीनाशक टाकू नका. ट्रायकोडर्मा हीही बुरशीच आहे, तीच मरेल.

रोवणी दाट नको. दर दहा ओळींनंतर हातभर पट्टा मोकळा सोडा. तो का, ते फवारणीच्या दिवशी कळेल.

आता फवारणी. इथे मी दोन हंगाम हात पोळून घेतले. शेंडे हिरवेगार दिसत होते म्हणून निर्धास्त राहिलो, आणि पुढे धान निसवायला लागल्यावर धुऱ्याकडची (बांधाकडची) चुडं (रोपांचे झुबके) आडवी झाली. दुकानदाराने ‘करप्याचं औषध’ म्हणून ट्रायसायक्लॅझोल दिलं होतं. ते पानावरच्या आणि लोंबीच्या मानेच्या करप्याचं; पर्णकोष करप्यावर चालत नाही. पानांच्या कडा वाळवणारा कडा करपा तर जिवाणूचा, त्याला बुरशीनाशकच लागू पडत नाही. तेव्हा नुसतं ‘करपा’ म्हणून औषध मागू नका.

रोवणीनंतर महिन्याभराने, फुटवे भरले की धुऱ्यापासून सुरुवात करून चुडं हाताने बाजूला सारा आणि पाण्याच्या रेषेजवळ बघा. मधोमध राखाडी, कडेला तपकिरी, सापाच्या कातीसारखे लांबट डाग दिसले की थांबायचं नाही. आदल्या दिवशी बांधीतलं पाणी काढा. हेक्झाकोनॅझोल ५ टक्के, लिटरला २ मिली, म्हणजे १६ लिटरच्या पंपाला ३२ मिली. नाहीतर व्हॅलिडामायसिन ३ टक्के, लिटरला २.५ मिली. दोन्ही एकत्र करू नका. मोकळ्या पट्ट्यातून चालत नळी खाली वाकवून नोझल बुडाशी धरा. एकरी २०० लिटर, म्हणजे १२-१३ पंप लागतातच. पाच पंपांत एकर आटोपणारा माणूस फक्त शेंडे ओले करतो. चूड उपटून बघा, खालचा कोष ओला नसेल तर मजुरी पाण्यात गेली. दव सुकल्यावरच सुरू करा, आणि तोंडाला फडकं, हातात मोजे हवेतच.

पंधरा दिवसांनी पुन्हा वाकून बघा. डाग वर सरकले असतील तर दुसरी फवारणी करा. मात्र कापणीआधी किती दिवस थांबायचं ते डब्यावर वाचून. तोवर युरियाचा हप्ता रोखून धरा. शेजाऱ्याचं धान काळंभोर हिरवं दिसलं तरी.