मशीन क्विल्टिंगमध्ये दोऱ्याचा ताण बिघडला तर : टाका वाचून दोष कसा शोधावा

क्विल्टच्या, म्हणजे गोधडीसारख्या पांघरुणाच्या, तीन थरांवर टीप घालताना मागच्या बाजूस दोऱ्याची वेटोळी जमू लागली, किंवा वरच्या कापडावर खालच्या दोऱ्याचे ठिपके उमटू लागले, की बहुतेकांचा हात पहिल्यांदा वरच्या दोऱ्याचा ताण कमीजास्त करणाऱ्या, आकडे असलेल्या टेन्शनच्या चकतीकडे जातो. तो हात तेथे सर्वांत शेवटी जावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ताणाच्या तक्रारींपैकी पुष्कळशा तक्रारी चकतीच्या आकड्यामुळे उद्भवतच नाहीत. चुकीचा ओवलेला दोरा, बोथट सुई, शटलजवळ, म्हणजे सुईखालच्या फिरत्या भागाजवळ, साचलेले कापसाचे तंतू किंवा कापड सरकवण्याचा हाताचा वेग ही त्यांची कारणे असतात. अशा वेळी चकती फिरवली तर टाका क्षणभर सुधारल्यासारखा वाटतो, मूळ कारण मात्र जागेवरच राहते आणि पुढे ते शोधणे अधिक अवघड होते.

त्यामुळे आधी टाका नीट पाहावा. मशीनचा टाका दोन दोऱ्यांच्या रस्सीखेचीतून तयार होतो. वरचा दोरा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून, म्हणजे मशीनच्या खालच्या छोट्या रिळातून येतो, आणि दोघांचे बळ सारखे असेल तर त्यांची गुंफण बॅटिंगच्या, म्हणजे मधल्या मऊ भरणाच्या, थरात लपून राहते. एका दोऱ्याचा ताण वाढला की तो दुसऱ्याला आपल्या बाजूस ओढून घेतो. खालच्या बाजूस वरच्या दोऱ्याचे फेरे दिसत असतील, तर वरचा दोरा सैल आहे किंवा खालचा फार घट्ट आहे. वरच्या बाजूस खालचा दोरा डोकावत असेल, तर वरचा घट्ट आहे किंवा खालचा सैल आहे. यावरून एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी निघते : सैल दोऱ्याचा दोष त्याच्या विरुद्ध बाजूस दिसतो. मागे गुंता दिसला म्हणून बॉबिन काढून पाहण्यात वेळ घालवण्यापेक्षा आधी वरचा दोरा तपासावा.

ही तपासणी प्रत्यक्ष क्विल्टवर कधीही करू नये. त्याच कापडाचा, त्याच बॅटिंगचा आणि त्याच अस्तराचा सुमारे २५ सेंटिमीटरचा चौकोनी नमुना तयार करावा, आणि त्यावर वर एका रंगाचा व खाली दुसऱ्या ठळक रंगाचा, पण एकाच प्रकारचा व जाडीचा दोरा वापरून टीप घालावी. दोन्ही दोरे एकाच रंगाचे असतील तर दोष कोणाचा हे डोळ्यांना कळतच नाही. प्रत्येक ओळीशेजारी पेनाने चकतीचा आकडा, सुईचा क्रमांक आणि दोऱ्याचे नाव लिहून ठेवावे. असे नमुने जपून ठेवले तर पुढच्या कामाला त्यांचा फार आधार होतो.

आता वरचा दोरा. तो पूर्ण काढून टाकावा आणि पुन्हा ओवावा. काढताना मात्र तो रिळाजवळ कापावा आणि सुईच्या बाजूने पुढे ओढून घ्यावा, कारण उलटा ओढल्यास त्याला चिकटलेले तंतू मशीनच्या आत दोरा दाबून धरणाऱ्या ताणाच्या चकत्यांमध्ये अडकून बसतात. ओवताना फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, वर उचललेले असणे अत्यावश्यक आहे. फूट वर असतानाच त्या चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्यामध्ये खोलवर बसतो. फूट खाली ठेवून ओवलेला दोरा चकत्यांच्या वरवर राहतो, त्याच्यावर ताण येतच नाही, आणि कापडाच्या खाली दोऱ्याचा मोठा गुंता होतो. त्यानंतर फूट खाली करून, सुईत ओवण्यापूर्वी, दोरा हाताने ओढून पाहावा. फूट वर असताना तो सहज यावा आणि खाली असताना स्पष्ट विरोध जाणवावा. विरोध जाणवला नाही तर चकतीचा आकडा कितीही वाढवला तरी उपयोग नाही. सुईबरोबर वर-खाली होणाऱ्या दांड्याच्या छिद्रातून दोरा गेला आहे ना, हेही पाहावे, कारण तो तेथून निसटला असला तरी असाच गुंता होतो.

फ्री मोशन पद्धतीने, म्हणजे कापड हाताने हव्या त्या दिशेला सरकवत, काम करणाऱ्यांसाठी येथे एक वेगळी सूचना आहे. त्या कामाचे फूट खाली केले तरी कापडाच्या किंचित वरच तरंगते, म्हणून ते खाली करायचे राहून गेले आहे हे लक्षात येत नाही. सुरुवातीच्याच टाक्यांत खाली जाळे झाले, तर सर्वप्रथम फूट उचलण्याचा दांडा पाहावा.

रीळ ज्या पद्धतीने उलगडते तिचाही ताणावर परिणाम होतो. दोरा रिळावर एकमेकांना छेदत गुंडाळलेला असेल तर तो रिळाच्या टोकावरून निघावा, आणि सरळ एकावर एक गुंडाळलेला असेल तर रीळ फिरून तो बाजूने निघावा. शंकूच्या आकाराच्या मोठ्या रिळासाठी मशीनमागे ठेवायचा वेगळा स्टँड वापरणे चांगले. रिळाच्या काठावरील खाचेत दोरा अडकत असेल तर ताण अधूनमधून अचानक वाढतो, आणि असा अनियमित दोष चकतीने कधीच सुधारत नाही.

सुईबद्दल संकोच करू नये; शंका आली की ती बदलावी. साधारण ८ तासांच्या शिवणकामानंतर नवी सुई लावणे हा चांगला नियम आहे, आणि थर चिकटवण्यासाठी स्प्रे वापरला असेल तर ती त्याआधीच चिकट होते. ९०/१४ या क्रमांकातील ९० म्हणजे सुईची जाडी ०.९० मिलिमीटर. ५० वजनाच्या बारीक दोऱ्याला ७५/११ किंवा ८०/१२ ची सुई पुरते, ४० वजनाच्या दोऱ्याला ९०/१४ ची लागते, आणि त्याहून जाड दोऱ्याला १००/१६ पर्यंत जावे लागते. दोऱ्याच्या वजनाचा आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक, हे येथे विसरू नये. सुईचे नेढे लहान पडले तर दोरा घासला जातो, पिंजतो आणि ताण वाढल्याचा भास होतो. मोठ्या नेढ्याची टॉपस्टिच सुई म्हणूनच क्विल्टिंगला फार सोयीची ठरते.

बॉबिनकडे वळताना प्रथम साफसफाई करावी. सुती बॅटिंगमधून तंतू सतत गळत असतात, म्हणून प्रत्येक बॉबिन बदलताना शटलची जागा लहान ब्रशने झाडून घ्यावी. फुंकर मारू नये, कारण ती तंतू आत ढकलते. बॉबिन केसच्या, म्हणजे बॉबिन बसते त्या धातूच्या छोट्या डबीच्या, पातळ स्प्रिंगखाली एक तंतू जरी अडकला तरी खालचा दोरा सैल सुटतो. बॉबिन मऊ लागत असेल किंवा तिच्यावर उंचवटे दिसत असतील, तर ती भरताना दोरा ताणाच्या बटणातून गेलेला नव्हता. तो दोरा काढून नव्याने भरावा. पॉलिस्टर किंवा पारदर्शक नायलॉन दोरा भरधाव भरल्यास ताणला जातो आणि नंतर आखडून कापडाला चुण्या पाडतो, म्हणून तो सावकाश आणि अर्धीच बॉबिन भरावा.

इतके करूनही मागची बाजू खराब दिसत असेल, तर सरळ रेषा आणि वळणे वेगवेगळी पाहावीत. सरळ रेषेत टाका उत्तम आणि फक्त वळणावर पापण्यांसारखे दोऱ्याचे फेरे दिसत असतील, तर वळणावर हात सुईपेक्षा वेगाने फिरतो आहे. तेथे हात सावकाश करावा आणि मशीनचा वेग एकसारखा ठेवावा. सरळ रेषेतही तोच दोष असेल, तर तो खरोखर ताणाचा आहे. क्विल्टचा भार टेबलाखाली लोंबकळत असल्यास तोही सुईला ओढून किंचित वाकवतो आणि टाके सुटतात. डावीकडे आणि मागे आधार दिला की हा त्रास जातो.

आता चकतीला हात लावावा. आकडा लहान केला की वरचा दोरा सैल होतो, मोठा केला की घट्ट होतो. एका वेळी अर्धाच आकडा बदलावा, नमुन्यावर किमान १० सेंटिमीटर टीप घालून दोन्ही बाजू पाहाव्यात, आणि मगच पुढचा बदल करावा. पारदर्शक आणि धातूच्या दोऱ्याला नेहमीपेक्षा बराच कमी ताण लागतो. बॅटिंग फार पातळ असेल तर गुंफण लपायला जागाच उरत नाही. तेथे दोन्हीकडे एकाच रंगाचा दोरा वापरणे हाच शहाणा उपाय आहे.

चकतीने भागले नाही तरच बॉबिन केसचा स्क्रू फिरवावा. बॉबिन घातलेली केस तिच्यातल्या दोऱ्याने लटकवून हलका झटका द्यावा. ती थोडी सरकून थांबली तर ताण ठीक आहे, सरसर खाली गेली तर सैल आहे, हललीच नाही तर घट्ट आहे. स्क्रू उजवीकडे फिरवला की ताण वाढतो. पाव फेऱ्यापेक्षाही कमी फिरवावा, मूळ जागेची खूण पेनाने आधीच करून ठेवावी आणि हे काम कापड अंथरून करावे, कारण तो इवलासा स्क्रू सुटून पडला की सापडत नाही. जाड दोऱ्यासाठी वेगळी बॉबिन केस ठेवणे मला सर्वांत सुरक्षित वाटते.

बिघडलेली टीप ठेवावी की उसवावी, हे ठरवण्यासाठी मागचा दोरा पाहावा. तो दोरीसारखा सरळ ताणून पडला असेल आणि वरचा दोरा त्याला नुसते वेढे घालत असेल, तर त्या मागच्या दोऱ्याचे एक टोक ओढताच पूर्ण ओळ सुटते. ती उसवलीच पाहिजे. गुंफणीचे बारीक ठिपके फक्त जवळून दिसत असतील, तर टीप मजबूत आहे आणि उसवताना कापडाला होणारी इजा त्या ठिपक्यांपेक्षा मोठी ठरेल.