दोन्ही डोळे उघडे ठेवून नजर तपासू नका

"मला सगळं नीट दिसतं" असं आपण अगदी खात्रीने सांगतो. पण डोळ्याला न दिसलेला भाग मेंदू स्वतःच भरून काढतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. खात्री करायची तर वहीचं एक पान पुरे.

पानावर डावीकडे फुली काढा, तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटरवर मसूरडाळीएवढा काळा ठिपका. डावा डोळा झाका आणि उजव्याने फक्त फुलीकडे बघत पान हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंटिमीटरच्या आसपास ठिपका नाहीसा होतो.

"माझा नाही झाला," म्हणणाऱ्यांची नजर बहुतेक वेळा नकळत ठिपक्याकडे सरकलेली असते. काहींनी चुकून उजवा डोळा झाकलेला असतो, तर काहींनी पान भराभर जवळ आणलेलं असतं.

ठिपका जिथे हरवतो ती डोळ्यातली जागा म्हणजे अंधबिंदू. तो सतराव्या शतकात फ्रान्सच्या एड्म मारियॉट यांनी दाखवून दिला. डोळ्याची नस तिथून बाहेर पडते, म्हणून तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात.

आता ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना जाईल अशी आडवी रेघ ओढा आणि पुन्हा बघा. ठिपका जातो, रेघ मात्र सलग दिसते! मधला तुकडा डोळ्याने पाहिलेलाच नाही. तो मेंदूने जोडलाय. मला प्रत्येक वेळी याचं तितकंच नवल वाटतं, आणि थोडी धास्तीही.

कारण काचबिंदूत हेच होतं. कडेची नजर हळूहळू जाते, पण काळा डाग दिसत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. गेलेली नजर परत येत नाही. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले, असं समजू नका. चाळिशीनंतर डोळ्यातला दाब आणि नस तपासून घ्या, घरात कुणाला काचबिंदू असेल तर नक्कीच.

लहान मुलांत एक डोळा कमजोर असला की मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागतो. मूल तक्रार करत नाही, कारण चांगल्या डोळ्यावर त्याचं भागतं. खेळता खेळता एकेक डोळा तळहाताने झाकून बघा. एक डोळा झाकला तरी मूल मजेत खेळतंय आणि दुसरा झाकला की हात ढकलतंय, चिडतंय, असं वारंवार झालं तर थांबू नका. साधारण सात-आठ वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर गुण चांगला येतो.