निअँडरथल पद्धतीची मसूर भाकरी घरी कशी करायची

इराकच्या कुर्दिस्तानातल्या शानिदार गुहेत सुमारे ७०,००० वर्षांपूर्वीचे जळके अन्नाचे तुकडे सापडलेत, त्यावरचा अभ्यास २०२२ मध्ये आला आणि मायक्रोस्कोपखाली दिसलं की निअँडरथल लोक (आपल्या जवळची, पण आता नामशेष झालेली प्राचीन मानवजात) रानटी कडधान्यं भिजवून, कुटून खायचे!

तर साहित्य: वाटीभर अख्खा मसूर, मूठभर बिनमिठाचे पिस्ते, चमचाभर मोहरी. मसूर सालासकटच हवा, डाळ नको, कारण त्या तुकड्यांत सालं बऱ्यापैकी तशीच होती, थोडा कडवटपणा त्यांना चालत असणार असं मला वाटतं. रात्रभर भिजवा, पाणी फेकून द्या, भिजवल्याने कडू अंश उतरतो आणि ही अक्कल त्यांना होती हेच मला सगळ्यात भारी वाटतं. मिक्सर नको, पाट्यावर जाडंभरडं वाटा, मधे मधे अर्धे दाणे दिसले पाहिजेत. पिस्ते-मोहरी कुटून मिसळा, मीठ नाही, तेल नाही. त्यांच्याकडे भांडी नव्हती, म्हणून तापलेला सपाट दगड धरून चला, आपल्याला लोखंडी तवा चालेल. ओल्या हाताने पातळ थापा, मंद आचेवर दोन्हीकडून नीट भाजा, मसूर आतून कच्चा राहू देऊ नका. कडा तुटतात, तुटू द्या.

त्याच गुहेत नंतरच्या, आपल्यासारख्या माणसांच्या थरांतही अशीच भिजवा-कुटायची पद्धत दिसते. आणि आफ्रिकेबाहेरच्या लोकांच्या डीएनएत साधारण २ टक्के निअँडरथल अंश आहे, म्हणजे आपल्यातही, तेव्हा त्यांना रानटी म्हणणं आता बंद करा प्लीज.