खाडीचं पाणी दुधाळ करायचं तर

वाशीच्या सागर विहारला कॅमेरा घेऊन निघण्याआधी मी तिथी बघतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते: अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात. संध्याकाळच्या फोटोला हेच दिवस. ओहोटीला नुसता चिखल.

आधी फोकस करून मॅन्युअलवर टाका, मगच १० स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश सुमारे हजारपट कमी करणारी काळी काच) लावा. तो इतका काळा असतो की नंतर फोकस शोधत बसाल (मी बसलोय). फिल्टरविना शटर १/३० सेकंद उघडं राहत असेल तर त्याच्यासह सुमारे ३४ सेकंद, तेवढ्यात हलतं पाणी दुधाळ होतं. म्हणजे बल्ब मोड (बटण दाबून ठेवू तितका वेळ शटर उघडं) आणि रिमोट. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद. वाऱ्यात फडफडणारा कॅमेऱ्याचा पट्टा काढूनच ठेवा. माझे चार फोटो त्यानेच हलवले.