फायबरचा पत्रा वळतोय? थरांचा क्रम बघा

वाळूजच्या शेडमध्ये साच्यातून सपाट निघालेला पत्रा रात्रीतून पापडासारखा वळला, की दोष रेझिनवर, म्हणजे धागे चिकटवणाऱ्या राळेवर, जातो. मी आधी काचधाग्यांच्या थरांचा क्रम विचारतो. मधल्या रेषेच्या वर जे थर, तेच खाली आरशात दिसावेत तसे हवेत (आकडे म्हणजे धाग्याच्या दिशेचे अंश): 0, 45, उणे 45, 90, मग 90, उणे 45, 45, 0. असं नसलं तर घट्ट होताना दोन्ही बाजू सारख्या आकसत नाहीत आणि पत्रा एकीकडे ओढला जातो. नुसतं मॅट (तुकडे धाग्यांची चादर) आणि रोव्हिंग (जाड धाग्यांचं विणलेलं कापड) वापरत असाल तरी हेच: मॅट, रोव्हिंग, मॅट करा; मॅट, मॅट, रोव्हिंग नको.

वापरात ताण ज्या दिशेने येतो, तिकडे 0 चे थर वाढवा, पण चारही दिशांना प्रत्येकी किमान 10 टक्के धागा ठेवाच. पीळ बसणाऱ्या भागाला 45 चे थर सावरतात. एकाच कोनाचे चारापेक्षा जास्त थर सलग लावू नका, तिथे तडे लवकर जातात.

आणि आपल्याकडचा मे महिना! चाळिशीपार पाऱ्यात रेझिन हातातच गोठतं. काम पहाटे उरका. जाड भाग एका दमात भरू नका, आतून तापून तडकतो.