आधी माउस बाजूला ठेवा: वेब सुगम्यतेच्या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या छोट्या वेब कंपनीत कामाला लागा, नाहीतर शाहू मार्केट यार्डातल्या गूळ व्यापाऱ्याची साइट स्वतः करायला घ्या. ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे साइट दिव्यांगांनाही वापरता येते का याची, पहिली तपासणी पाच मिनिटांत होते आणि तिला एक रुपया लागत नाही. माउस बाजूला ठेवायचा, पत्त्याच्या पट्टीत कर्सर न्यायचा आणि टॅब दाबत जायचं. दर टॅबला तीन गोष्टी बघायच्या. फोकस, म्हणजे दाबलेली कळ जिथं लागू होईल ती जागा, कुठं आहे ते दिसतंय का? तो वाचायच्या क्रमानंच पुढं सरकतोय का? जिथं पोचलो तिथून बाहेर पडता येतंय का? लिंक एंटरनं उघडली पाहिजे, बटण एंटर आणि स्पेस दोन्हींनी चाललं पाहिजे.

इथं बहुतेक साइट पहिल्याच मिनिटात अडकतात. कारणं ठरलेली असतात. मेनू डिव्ह या नुसत्या डब्यासारख्या टॅगवर ऑनक्लिक लावून केलेला असतो, त्यामुळे टॅब त्याला ओलांडून जातो. डिझायनरला फोकसची चौकट आवडत नाही म्हणून सीएसएसमध्ये ‘आउटलाइन नन’ लिहिलेलं असतं. किंवा वर चिकटून राहणारी पट्टी फोकस आलेली लिंक झाकून टाकते. पहिल्यावर इलाज एकच: खरा बटन टॅग वापरा. डिव्हला रोल (हा घटक काय आहे ते पान ऐकून वापरणाऱ्याला कळवणारी खूण), टॅबइंडेक्स आणि दोन कळांचे हँडलर लावत बसण्यापेक्षा जे ब्राउझर फुकट देतो ते घ्या. रोलसारख्या खुणांच्या संचाला आरिया म्हणतात; त्याचा पहिला नियमही हेच सांगतो: एचटीएमएलमध्ये तयार घटक असेल तर आरिया लावू नका. चुकीचा रोल लावलेलं बटण हे रोल नसलेल्या बटणापेक्षा जास्त फसवतं, कारण ऐकणाऱ्याला ते चालेल असं सांगितलेलं असतं आणि ते चालत नाही.

दुसरी पायरी कानांची. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, मोफत मिळतो. सुरुवातीला सहा-सात कळा पुरतात: मथळ्यांसाठी एच, फॉर्मच्या रकान्यांसाठी एफ, बटणांसाठी बी, पानाच्या विभागांसाठी डी, सगळ्या लिंक आणि मथळ्यांच्या यादीसाठी इन्सर्ट आणि एफ७, बोलणं थांबवायला कंट्रोल. टूल्स मेनूतला स्पीच व्ह्यूअर उघडा. जे बोललं जातं ते अक्षरांत दिसतं आणि तेच पुढं बगच्या नोंदीत चिकटवता येतं. मोबाइलसाठी अँड्रॉइडमधला टॉकबॅक हा स्क्रीन रीडर वापरा, कारण इथले बरेच गिऱ्हाईक फोनवरूनच साइट बघतात.

गुळाच्या मागणीचा एक फॉर्म घ्या. डोळ्यांना ‘मोबाइल क्रमांक’ आणि खाली रकाना दिसतो. एनव्हीडीए मात्र फक्त ‘एडिट, ब्लँक’ म्हणतो. पुढचा रकाना, पुन्हा ‘एडिट, ब्लँक’. कुठला पिनकोडचा, कुठला ढेपांच्या संख्येचा, काही कळत नाही. कारण ती अक्षरं साध्या परिच्छेदात लिहिली आहेत, लेबल टॅगमध्ये नाहीत. लेबलचा ‘फॉर’ आणि रकान्याचा ‘आयडी’ जुळवला की तोच रकाना ‘मोबाइल क्रमांक, एडिट, ब्लँक’ असा बोलतो. स्क्रीन रीडर नसतानाही हे तपासता येतं: लेबलच्या अक्षरांवर क्लिक करा, कर्सर रकान्यात गेला पाहिजे.

इथून पुढं मराठी येणाऱ्याचं खरं काम सुरू होतं, कारण स्वयंचलित साधनं हे पकडत नाहीत. वेव्ह, ॲक्स, लाइटहाउस ही साधनं जरूर चालवा, पण ती एकूण दोषांतला एक भागच शोधतात आणि मराठीच्या बाबतीत तर जवळजवळ गप्प असतात.

पहिला दोष भाषेच्या खुणेचा. ‘लँग’ ही खूण पानाची भाषा सांगते, आणि तिच्यावरून स्क्रीन रीडर आवाज निवडतो. इंग्रजी टेम्प्लेट उचलून त्यात मराठी मजकूर भरला की एचटीएमएल टॅगवर ‘लँग’ची किंमत ‘ईएन’च राहते. कुणीतरी ती बदलून ‘एचआय’ करतं, तेही चूकच. हिंदी आवाजाला २५० रुपये दिसले की तो ‘दो सौ पचास’ म्हणणार. किंमत ‘एमआर’ हवी. त्याचा डोळ्यांनाही फायदा आहे: ज्या फॉन्टांत सोय केलेली आहे तिथं ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. साधन एवढंच बघतं की ‘लँग’ लिहिलंय की नाही आणि तो संकेत वैध आहे की नाही. मजकूर खरंच त्या भाषेत आहे का, हे माणसानं बघायचं. पानात मधेच इंग्रजी परिच्छेद असेल तर तेवढ्या भागावर ‘ईएन’ लावा.

दुसरा दोष जुन्या फॉन्टांचा, आणि आपल्याकडे हा सगळ्यात जड आहे. डीटीपीवाल्याकडून आलेली माहितीपत्रकं, शाळांचे प्रवेश अर्ज, संस्थांचे अहवाल बऱ्याचदा युनिकोडपूर्व फॉन्टांत असतात. कृतीदेवमध्ये ‘कोल्हापूर’ दिसतं, पण फाइलमध्ये साठवलेलं असतं डी, के, एस, वाय, जी, के, आय, डब्ल्यू, जे. स्क्रीन रीडर तीच इंग्रजी अक्षरं उच्चारायची धडपड करतो. ओळखायची रीत सोपी: पीडीएफमधला एक शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरी उमटली तर पुढं जा, इंग्रजी कचरा उमटला तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. कन्व्हर्टर वापरल्यावर जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी माणसाकडून वाचून घ्या. चुका तिथंच राहतात.

तिसरा दोष अंकांचा. मराठी कीबोर्डवरून कुणी मोबाइल क्रमांक ९८ असा देवनागरीत लिहायला घेतो आणि फॉर्म ‘अवैध क्रमांक’ म्हणतो. जावास्क्रिप्टच्या पॅटर्नमध्ये अंकासाठी लिहिलेली खूण फक्त इंग्रजी अंक ओळखते, आणि ‘नंबर’ प्रकारचा रकानाही देवनागरी अंक घेईलच असं नाही. मोबाइलसाठी ‘टेल’ प्रकार ठेवा, तपासण्याआधी देवनागरी अंक इंग्रजीत बदलून घ्या. माणसानं बरोबर लिहिलंय, त्याला चूक म्हणू नका.

चौथा बारीक आहे. ‘शेतकऱ्यांसाठी’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो: खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. दिसायला एकच, पण शोधायला वेगळे; युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशननंही ते एक होत नाहीत. साइटवरच्या शोधात ‘शेतकऱ्यांसाठी’ सापडत नसेल तर आधी इथं बघा. युनिकोडनं सुचवलेली तऱ्हा पहिली, तिच्यातच सगळं बदलून ठेवा.

वाचणाऱ्यानं अक्षरांमधलं आणि ओळींमधलं अंतर वाढवलं तरी पान मोडू नये, या नियमाची देवनागरीत अडचण होते: अक्षरं लांब केली की शिरोरेषा तुटते. नियमातच अशा लिप्यांसाठी सूट आहे, पण ओळींमधल्या अंतराला सूट नाही. ओळीची उंची १.५ पट करून बघा. ठरावीक उंचीच्या बटणांत खालचे उकार आणि वरच्या मात्रा कापल्या जातात.

आता मानकं. डब्ल्यूसीएजी हे वेब ॲक्सेसिबिलिटीचं जगभर वापरलं जाणारं मानक; त्याची २.२ ही आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२३ रोजी आली. त्यात ९ नवे निकष आले आणि ४.१.१ हा जुना निकष गेला. हाती आलेल्या यादीत तो अजून असेल तर ती यादी जुनी आहे. नव्यांपैकी रोज लागणारे चार. दाबायच्या जागा किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल, किंवा तेवढं अंतर राखलेलं. ओढून चालणाऱ्या गोष्टीला साधा पर्याय: कोल्हापुरी चपलांच्या दुकानात किमतीची पट्टी सरकवता येत असेल, तर शेजारी किमान-कमाल रकानेही द्या. लॉगिनमध्ये ओटीपी किंवा पासवर्ड चिकटवायला बंदी नको. आणि एकदा भरलेला पत्ता त्याच व्यवहारात पुन्हा भरायला लावू नका.

एचटीएमएलमध्ये हल्ली जे आलंय त्यानं काम हलकं केलं. मोडल खिडकीसाठी (बंद करेपर्यंत मागचं पान वापरू न देणारी) डायलॉग टॅग २०२२ पासून सगळ्या मुख्य ब्राउझरांत आहे: एस्केपनं बंद होतो, मागचं पान निष्क्रिय करतो, बंद झाल्यावर फोकस परत देतो. पण तो ‘शोमोडल’नंच उघडा. नुसता ‘ओपन’ गुणधर्म लावला तर खिडकी दिसते आणि टॅब मागच्या पानात भटकत राहतो. मोडल नसलेल्या छोट्या खिडक्यांना पॉपओव्हर चालतो. एखादी सोय वापरावी की नाही हे बेसलाइनच्या, म्हणजे ती कोणत्या ब्राउझरांत आली ते सांगणाऱ्या, खुणेवरून ठरवा. सगळ्या मुख्य ब्राउझरांत येऊन ३० महिने झाले की तिला ‘सर्वत्र उपलब्ध’ म्हणतात.

रंगांवर इथं गिऱ्हाइकाशी वाद होणारच. पांढऱ्यावर केशरी अक्षरं सगळ्यांना हवी असतात. एफएफ९९३३ हा केशरी पांढऱ्यावर कॉन्ट्रास्टमध्ये (अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजेडाचं प्रमाण) जेमतेम २.१ ला १ भरतो. लहान अक्षरांना ४.५ ला १ लागतं, मोठ्यांना ३ ला १. तोडगा साधा: केशरी पार्श्वभूमीला ठेवा, अक्षरं काळी करा.

कायद्याचं थोडक्यात. २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा, आयएस १७८०२ हे भारतीय मानक आणि सरकारी साइटसाठीची जीआयजीडब्ल्यू ही नियमावली, ही तीन नावं माहीत हवीत. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा मिळणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. युरोपचा ॲक्सेसिबिलिटीचा कायदा २८ जून २०२५ पासून लागू आहे, त्यामुळे तिकडची कामं घेणाऱ्या कंपन्यांनाही या कामाची माणसं लागतात.

नोकरीसाठी प्रमाणपत्रापेक्षा चांगल्या लिहिलेल्या पाच नोंदी जास्त सांगतात. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम करा, पण सोबत गावातल्या एखाद्या मराठी साइटची तपासणी करून नोंदी ठेवा. नोंदीत इतकं हवं: पानाचा पत्ता, ब्राउझर आणि स्क्रीन रीडरची आवृत्ती, कोणत्या कळा कोणत्या क्रमानं दाबल्या, काय ऐकू आलं, काय यायला हवं होतं, निकषाचा क्रमांक, आणि दुरुस्तीची एक ओळ. ‘फॉर्म ॲक्सेसिबल नाही’ असं लिहिलं तर प्रोग्रामर ती नोंद बाजूला ठेवतो. ‘पिनकोडच्या रकान्यावर एफनं गेल्यावर फक्त एडिट, ब्लँक ऐकू येतं, लेबल जोडा’ असं लिहिलं तर दुपारच्या चहाआधी ती बंद होते. मग पुन्हा त्याच कळा दाबून तपासा, आणि जमेल तेव्हा रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला मानधन देऊन त्याच्याकडून तोच फॉर्म भरून घ्या.