गोठ्याच्या पेंढ्याला आधी फवारणी

वसईत भात झोडून झालं की नाताळच्या गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, थोडा पेंढा बाजूला काढून ठेवतात. त्यावर कापसाचा बर्फ, मागे गोणपाटाचा डोंगर आणि या सगळ्यातून फिरवलेली लाइटची माळ. इतकं पेट घेणारं सामान आपण एरवी घराच्या एका कोपऱ्यात कधीच रचत नाही. म्हणून आगीला अडवणारी फवारणी आठवडाभर आधी, सामान अंगणात सुटं असतानाच करायची.

आधी सामानाचे दोन ढीग करा. पेंढा, कापूस, गोणपाट, सुती कापड हे पाणी पिणारं. प्लास्टिकचं झाड, चमकी, नायलॉनची जाळी हे न पिणारं. घरी केलेलं द्रावण पहिल्या ढिगालाच लागू पडतं, प्लास्टिकवरून ते ओघळून जातं. झाड घेताना खोक्यावर ‘फायर रिटार्डंट’ (आगीला अडवणारं) लिहिलंय का ते बघा, आणि त्यावर मारायचीच असेल तर सिंथेटिकसाठी बनवलेली तयार फवारणी आणा. थर्माकोल नकोच. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, शिवाय पेटला की त्याचे जळते थेंब खालच्या पेंढ्यावर पडतात.

द्रावणासाठी १ लिटर गरम पाण्यात साधारण १०० ग्रॅम टाकणखार म्हणजे बोरॅक्स आणि ४५ ग्रॅम बोरिक ॲसिड पूर्ण विरघळवा. तापल्यावर हे क्षार काचेसारखा थर धरतात, त्यामुळे पेंढा भडकण्याऐवजी काळा पडून कोळसतो. पोटात गेलं तर मात्र ते विषारी आहे. हातमोजे घाला, भांडं स्वयंपाकाचं घेऊ नका, लहान मुलं आणि गुरं लांब ठेवा. फवारलेला पेंढा नंतर गोठ्यातल्या खऱ्या गाईला घालायचा नाही. पेंढा उलटापालटा करून आतपर्यंत भिजवा, कापड सरळ बुडवून काढा आणि सगळं खडखडीत वाळू द्या. दव पडत असेल तर रात्री आत घ्या. पाणी लागलं की क्षार धुऊन जातात आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

वाळल्यावर चाचणी घ्याच. मूठभर पेंढा, कापडाची एक पट्टी चिमट्यात धरून, खाली पाण्याची बादली ठेवून, १२ सेकंद काडीची ज्योत लावा. ज्योत काढल्यावर दोनेक सेकंदांत जाळ विझला पाहिजे. विझला नाही तर पुन्हा फवारा. मी याचा हट्ट धरतो, कारण २८ नोव्हेंबर १९४२ ला बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह क्लबात ४९२ माणसं गेली, आणि तिथे आग कृत्रिम माडांतून आणि छताच्या कापडातून पसरली होती. सजावटच होती ती.

माळेवर, होल्डरवर फवारायचं नाही, क्षारांनी तारा गंजतात. माळ एलईडीचीच घ्या, सोललेली वायर दिसली तर टाकून द्या. बाळ येशूसमोर खरी मेणबत्ती लावायचीच असेल तर गोठ्यापासून ३ फूट लांब, पाण्याच्या ताटलीत. फवारणीने आग मंदावते, सामान न जळणारं होत नाही. म्हणून वाळूची बादली दाराशी हवी, आणि १०१ नंबर घरातल्या म्हाताऱ्यांनाही पाठ हवा.

२४ तारखेच्या रात्री सगळं घर मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जातं. निघताना माळेचं बटण नव्हे, प्लगच काढायचा, आणि ते काम कोणाचं हे संध्याकाळीच ठरवून ठेवायचं.